सुपारी, तंतुमयता आणि जराग्रस्त पेशी

जखम भरून येते तेव्हा तिच्या जागी वण राहतो. तुटलेल्या भागात तंतुजनक पेशी गोळा होतात, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणतात, आणि काम संपले की यांतील बहुसंख्य पेशी नाहीशा होतात. हा शेवटचा टप्पा, म्हणजे वेळेवर थांबण्याचा, जेथे चुकतो तेथे वणाची क्रिया रोगाचे रूप घेते. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, त्वचा अशा निरनिराळ्या अवयवांत हे घडते व मऊ, लवचिक ऊतकाच्या जागी ताठर तंतूंचा थर साचत जातो. वैद्यकात या अवस्थेला तंतुमयता म्हणतात. तंतुमयतेच्या बहुतेक प्रकारांचा अभ्यास पाश्चात्त्य देशांतील रुग्णांवर झालेला आहे. परंतु तिचा एक प्रकार असा आहे की ज्याचे घर भारतीय उपखंड हेच होय, आणि ज्याच्या अभ्यासाचा आरंभ बऱ्याच अंशी मुंबईत झाला. तो म्हणजे तोंडातील अधःश्लेष्मल तंतुमयता. पेशींच्या वार्धक्याचा तंतुमयतेशी काय संबंध आहे, या आजच्या चर्चेतील प्रश्नाला या विकाराने जे उत्तर दिले आहे ते इतर अवयवांवरून सहज सुचले नसते.

विकाराचे स्वरूप थोडक्यात असे. प्रथम तिखट पदार्थ तोंडाला झोंबू लागतात. पुढे गालांच्या आतील श्लेष्मल त्वचा आपला गुलाबी रंग टाकून संगमरवरासारखी पांढुरकी होते आणि बोटाने चाचपले असता आत ताठर पट्टे हाताला लागतात. जिभेची हालचाल मंदावते व तोंड उघडणे हळूहळू आखडत जाते. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी सहज जातात. वाढलेल्या विकारात एक बोटही जाणे कठीण होते. भाकरीचा घास घेणे, दात घासणे, दंतवैद्याला तोंड दाखविणे ही नित्याची कामे रुग्णाला जड होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास अधिस्तर पातळ झालेला, त्याखालच्या थरात कोलॅजेनचे दाट, एकजीव झालेले जुडगे आणि त्यांच्या दाबाने चेपलेल्या रक्तवाहिन्या दिसतात.

या विकाराची वैद्यकीय नोंद तशी उशिराची आहे. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील अशा स्थितीचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी यांच्या अधःश्लेष्मल तंतुमयतेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आज रूढ असलेल्या नावाचा पाया घातला. सुश्रुतसंहितेतील 'विदारी' हाच हा रोग, असे विधान पुष्कळ ग्रंथांतून आढळते. ते घाईचे वाटते. विदारीत दाह आहे हे खरे, पण तेथे सूज व कुजून झडणारे मांसही आहे. आणि अधःश्लेष्मल तंतुमयतेत ऊतक कुजत नाही, उलट ते अधिकाधिक घट्ट होत जाते.

मुंबईत परळ येथील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये वसंत रामजी खानोलकर व सत्यवती सिरसाट यांनी या प्रश्नाला प्रायोगिक रूप दिले. त्या काळी संशय मिरचीवर होता. आहारात विशिष्ट बदल करून तयार केलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन लावले असता तंतुमयतेसारखे बदल घडतात, असे त्यांनी १९६० साली दाखविले. १९६६ साली डेन्मार्कचे जे. जे. पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी या विकाराची जी व्याख्या केली ती आजही पाठ्यपुस्तकांत दिली जाते. मिरचीची उपपत्ती मात्र टिकली नाही. मिरची भरपूर खाणारे समाज जगात अनेक आहेत, पण हा रोग जेथे सुपारी चघळली जाते तेथेच सापडतो, ही गोष्ट लोकसमूहांच्या पाहण्यांनी उत्तरोत्तर स्पष्ट केली. सिरसाट-खानोलकरांची ती संस्था पुढे टाटा मेमोरियल केंद्रात सामील झाली, आणि तिचा वारसा सांगणारी प्रयोगशाळा आज खारघर येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, आहे.

या जिल्ह्याचा सुपारीशी संबंध जुना आहे. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या किनाऱ्याकडील तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आहेत. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव बाजारात सर्वांना ठाऊक असते. तेथून आत सावित्रीच्या खोऱ्याकडे वळून महाड व पोलादपूर तालुक्यांत गेले, तर शिवथरच्या डोंगरकुशीतील गावांपर्यंत सुपारी ही चैनीची वस्तू नसून आचाराचा भाग आहे. लग्न ठरते ते सुपारी फोडून. पूजेत गणपती मांडावयाचा तो सुपारीचाच. आल्यागेल्यापुढे ठेवावयाचे ते पानाचे तबक. ज्या वस्तूला एवढी प्रतिष्ठा आहे ती अपायकारक असू शकते, हे सांगणाऱ्याचे काम अवघड होते. तंबाखूविषयी लोक ऐकून घेतात. सुपारीविषयी 'ती तर नुसती सुपारी' असे उत्तर मिळते.

हे उत्तर शास्त्राला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २००३ साली सुपारी, तंबाखू नसलेली नुसती सुपारी, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली. विकाराचा प्रसार मात्र सणासुदीच्या सुपारीने झाला नाही. तो झाला पुड्यांनी. पानमसाला व गुटखा यांत सुपारी कोरडी असते, पान नसते, आणि दिवसातून कितीही वेळा तोंडात टाकण्याजोगी ती खिशात तयार असते. विडा चघळणाऱ्यांच्या मानाने पानमसाला व गुटखा खाणाऱ्यांत हा विकार फार कमी काळात प्रकट होतो, असे हैदराबादेच्या १९९६ च्या पाहणीत दिसून आले. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील व्ही. के. हजारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मध्य भारतातील एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट होती. १९५२ च्या पाच स्त्रिया आणि हे हजार रुग्ण यांच्यामध्ये रोगाचे सामाजिक रूपच पालटलेले आहे. विदर्भातील खर्रा काय किंवा इतरत्रचा मावा काय, मूळ द्रव्य तेच.

सुपारी तंतुमयता कशी घडविते, याची रासायनिक बाजू बरीच उलगडलेली आहे. सुपारीतील मुख्य अल्कलॉइड अरेकोलीन होय. चुन्याच्या सान्निध्यात त्याचे अरेकेडीन बनते. ही द्रव्ये तंतुजनक पेशींना कोलॅजेन अधिक प्रमाणात निर्माण करण्यास प्रवृत्त करतात. टॅनिन व कॅटेचिन ही द्रव्ये तयार झालेल्या कोलॅजेनला चामडे कमावल्याप्रमाणे पक्के करतात, आणि मग कोलॅजेन तोडणाऱ्या एंझाइमांना ते दाद देत नाही. सुपारीत तांब्याचे प्रमाण पुष्कळ असते. कोलॅजेनच्या धाग्यांना आडवे टाके घालणारे लायसिल ऑक्सिडेज हे एंझाइम तांब्यावरच चालते. यांच्या जोडीला सततच्या दाहाने टीजीएफ-बीटा हे वाढीचे प्रथिन वाढते, आणि तंतू विणण्याचा सर्वांत बलवान संदेश तेच देते.

एवढे कळूनही एक कोडे शिल्लक राहते. सुपारी सोडली की विष थांबले; मग तोंड पूर्ववत का होत नाही? सवय सोडल्याने रोगाची वाढ मंदावते, जळजळ कमी होते. पण आखडलेले पट्टे सहसा सुटत नाहीत. कमावलेले कोलॅजेन टिकाऊ असते हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी ते कोलॅजेन विणणाऱ्या पेशींचे पुढे काय होते हे पाहणे आवश्यक ठरते.

१९६१ साली लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी दाखविले की माणसाच्या तंतुजनक पेशी काचपात्रात वाढविल्या तर त्या सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग विभाजन कायमचे थांबवितात. त्या मरत नाहीत. त्या मोठ्या, चपट्या होऊन जिवंत राहतात. या अवस्थेला पेशीजरा असे नाव आहे. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर प्रत्येक विभाजनात झिजतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ही झीज पेशीला थांबण्याचा आदेश देते, हे पुढे सिद्ध झाले. परंतु झीज हा त्या अवस्थेकडे जाण्याचा एकमेव मार्ग नाही. डीएनएचे दोन्ही धागे तुटणे, प्राणवायूच्या अतिक्रियाशील रूपांचा मारा, कर्करोगकारक जनुकाची अवेळी जागृती यांपैकी कोणत्याही कारणाने तरुण पेशीही एकाएकी जराग्रस्त होऊ शकते. पी-१६ व पी-५३ ही प्रथिने विभाजनाच्या चक्राला कुलूप लावतात.

शिवथरच्या घळीशी ज्या ग्रंथाच्या लेखनाची परंपरा जोडलेली आहे, त्या दासबोधाच्या तिसऱ्या दशकात माणसाच्या आयुष्याचा प्रवास आणि आध्यात्मिक तापाच्या प्रकरणात देहाच्या व्याधींची लांबलचक गणना आहे. तेथे जरा येते ती संपूर्ण देहाला आणि आयुष्याच्या उतारावर. पेशीजरेची कल्पना याहून वेगळी आहे. ऐन तारुण्यातील गुटखा खाणाऱ्या मुलाच्या गालात जराग्रस्त पेशींची गर्दी असू शकते, आणि त्याच्या शरीरातील इतर पेशी मात्र वयाला साजेशा असतात.

जराग्रस्त पेशी केवळ निवृत्त नसते, बोलकीही असते. इंटरल्यूकिन-६ सारखे दाहजनक पदार्थ, वाढीची प्रथिने आणि कोलॅजेन तोडणारी मेटॅलोप्रोटिनेज एंझाइमे यांचे मिश्रण ती भोवती सोडीत राहते. ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली या स्रावाचे सविस्तर वर्णन केले. याच मिश्रणात सगळा पेच आहे. त्यातील काही घटक वण वाढवितात, काही वण विरघळवितात, आणि काही भक्षक पेशींना बोलावून स्वतः जराग्रस्त पेशीचाच निकाल लावतात.

म्हणूनच निरनिराळ्या अवयवांतून आलेले पुरावे एकमेकांविरुद्ध उभे असल्यासारखे दिसतात. २००८ साली व्हॅलेरी क्रिझानोव्स्की, स्कॉट लो व त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या यकृताला इजा केली तेव्हा वण विणणाऱ्या तारकाकार पेशी काही काळाने जराग्रस्त झालेल्या आढळल्या; नैसर्गिक मारक पेशींनी त्या वेचून नष्ट केल्या. ज्या उंदरांत जरेचा हा मार्ग जनुकांत बदल करून बंद केला होता त्यांच्यात यकृताची तंतुमयता कमी होण्याऐवजी वाढली. जून व लाऊ यांनी २०१० साली त्वचेच्या जखमांत असेच दाखविले: सीसीएन-१ हे प्रथिन तंतुजनक पेशींना जराग्रस्त करते आणि त्यामुळे वण मर्यादित राहतो. येथे जरा म्हणजे विणकऱ्याचा माग थांबविणारी सोय होय. याउलट मारिसा शेफर व सहकाऱ्यांनी २०१७ साली फुप्फुसाच्या अज्ञातहेतुक तंतुमयतेत जराग्रस्त पेशींचा स्राव रोगाला खतपाणी घालतो, असा निष्कर्ष काढला. डॅसॅटिनिब व क्वेरसेटिन ही जराग्रस्त पेशी मारणारी औषधांची जोडी दिल्यावर उंदरांची श्वसनक्रिया सुधारली. परंतु त्याच निबंधातील एक नोंद फारशी उद्धृत केली जात नाही: फुप्फुसातील तंतू दृश्य स्वरूपात होते तसेच राहिले. २०१९ साली चौदा रुग्णांवर हीच जोडी अजमाविण्यात आली. त्यांची चालण्याची क्षमता सुधारली, फुप्फुसाच्या कार्याची मोजमापे बदलली नाहीत. चौदा रुग्णांच्या, तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या प्रयोगावरून याहून अधिक काही म्हणणे उचित नव्हे.

या विसंगतीची किल्ली बहुधा काळात आहे. जराग्रस्त पेशी आली, आपला स्राव सोडून गेली आणि भक्षक पेशींनी ती उचलली, तर वण आवरतो. ती तेथेच वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली, किंवा इजा थांबलीच नाही, तर तोच स्राव दाह जिवंत ठेवतो. गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात इजा दिवसातून अनेक वेळा नव्याने होत असते.

तेव्हा अधःश्लेष्मल तंतुमयतेत जरेची बाजू कोणती? २०११ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील पिटियागे, पार्किन्सन व त्यांचे सहकारी यांनी याचा शोध घेतला. त्यांत श्रीलंकेतील डब्ल्यू. एम. तिलकरत्ने हेही होते. या रोगाचे एक वैशिष्ट्य त्यांच्या उपयोगी पडले. यकृताचा किंवा फुप्फुसाचा तुकडा रोगाच्या प्रत्येक पायरीवर काढता येत नाही; गालाचा काढता येतो. निरनिराळ्या अवस्थांतील नमुने तपासता रोग जसजसा वाढतो तसतशी जराग्रस्त तंतुजनक पेशींची संख्या वाढते, असे त्यांना आढळले. मात्र या पेशींचे टेलोमिअर विशेष झिजलेले नव्हते. त्यांच्यात डीएनएचे न सांधलेले तुकडे आणि प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे यांचे प्रमाण वाढलेले होते. म्हणजे या पेशी पुष्कळ वेळा विभाजित होऊन म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. त्या इजेने म्हाताऱ्या केल्या गेल्या होत्या. सुपारीच्या अल्कलॉइडांनी तंतुजनक पेशींच्या डीएनएला न भरून येणारी इजा होते आणि त्यांना पेशीजरा येते, हे २०१६ सालच्या प्रयोगांनी दाखविल्यावर ही साखळी आणखी पक्की झाली.

खरे आश्चर्य यापुढचे आहे. या जराग्रस्त पेशी मेटॅलोप्रोटिनेज-१ व २ ही कोलॅजेन तोडणारी एंझाइमे अधिक सोडीत होत्या. वण वाढविणाऱ्या मंडळीत त्यांची गणना करावी, तर त्या वण कुरतडताना दिसतात. रोग वाढतो तेथे त्या वाढतात, म्हणून त्याच रोगाचे कारण, हा तर्क येथे लंगडा पडतो. आग लागते तेथे बंबही जमतात. टॅनिनने कमावलेल्या कोलॅजेनपुढे त्यांची एंझाइमे अपुरी पडतात, आणि नवीन कोलॅजेन विणणाऱ्या, अद्याप जराग्रस्त न झालेल्या पेशी शेजारी काम करीतच राहतात, असे मानले तर दोन्ही निरीक्षणे एकत्र बसतात. हे अनुमान आहे. पण उपलब्ध पुराव्याशी ते अधिक जुळते.

मग या पेशींना मित्र म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही, कारण या रोगातील खरा धोका आखडलेले तोंड हा नसून त्यानंतर येणारा कर्करोग हा आहे. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा सतरा वर्षे मागोवा घेणाऱ्या पाहणीत ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला; ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. जराग्रस्त तंतुजनक पेशींच्या सान्निध्यात आधीच बिघडलेल्या अधिस्तरपेशी वेगाने वाढतात व उंदरांत गाठी निर्माण करतात, हे कॅम्पिसी यांच्या प्रयोगशाळेने २००१ सालीच दाखविले होते. कोलॅजेन तोडणारे एंझाइम वणाला सैल करते, तसेच ते अधिस्तराखालच्या कुंपणाला भगदाडही पाडू शकते. ज्या स्रावाने तंतू विरघळतात त्यानेच कर्कपेशींना आत शिरण्यास वाट मिळावी, हा या रोगातील दुर्दैवी योग आहे.

उपचाराचा विचार करताना या दुहेरीपणाकडे डोळेझाक करता येत नाही. जराग्रस्त पेशी मारणाऱ्या औषधांविषयी सध्या मोठा उत्साह आहे. यकृताच्या बाबतीत २०२० साली एक इशारा मिळालेला आहे: पी-१६ अधिक असलेल्या पेशी, विशेषतः यकृतातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बनविणाऱ्या, उंदरांतून काढून टाकल्या तेव्हा त्यांची जागा नव्या पेशींनी घेतली नाही, तेथे तंतू साचले आणि उंदरांची प्रकृती खालावली. अधःश्लेष्मल तंतुमयतेत अशी औषधे द्यावयाची तर कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठी की तोंड उघडण्यासाठी, हे आधी ठरवावे लागेल. पहिल्या हेतूने ती उपयोगी ठरणे शक्य आहे. दुसऱ्या हेतूने दिली तर तंतू कुरतडणाऱ्याच पेशी नाहीशा होऊन आखडलेपण वाढण्याचा संभव आहे. याचा निर्णय गालाच्या ऊतकावरच, वेगवेगळ्या अवस्थांतील नमुन्यांवर, झाला पाहिजे; उंदरांच्या फुप्फुसावरून तो करता येणार नाही. आणि असे नमुने महाराष्ट्रातील दंत महाविद्यालयांइतके विपुल जगात क्वचितच कोठे मिळतील.

तूर्त रुग्णाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत: सुपारी सर्व रूपांत बंद करणे, तोंड उघडण्याचे नियमित व्यायाम, विकाराच्या जागी स्टेरॉइड व हायल्युरोनिडेज यांची इंजेक्शने, आणि विकार फार वाढला तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया, जिच्यानंतरही व्यायाम न केल्यास तोंड पुन्हा आखडते. महाराष्ट्र शासनाने २००२ साली गुटख्यावर घातलेली बंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्न सुरक्षा कायद्याखाली ती नव्याने घालण्यात आली. सुपारी मात्र वाण्याच्या दुकानात उजळ माथ्याने मिळते. वर दिलेल्या प्रयोगांच्या दृष्टीने पाहता प्रश्न किती सुपारी हा जसा आहे तसाच किती वर्षे हाही आहे. जराग्रस्त पेशी रोगाच्या प्रत्येक पायरीबरोबर साठत जातात आणि सवय सुटली तरी विभाजनाचे कुलूप उघडत नाही. म्हणून जळजळ सुरू झालेला, पण तोंडात अजून तीन बोटे मावणारा तरुण हा तपासणीचा खरा विषय होय. पट्टे हाताला लागू लागेपर्यंत थांबल्यास तंतू आणि जराग्रस्त पेशी दोन्ही मुक्कामाला आलेले असतात.